भोये मॅडम आणि गोरं करायचं बटण

माझ्या दुकानात आजही कुणीतरी येतं, मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, "काका, जरा गोरं करून द्या ना." माझं डोकं फिरतं. समोरच्याचा काही दोष नसतो हे कळतं, तरी फिरतं. मी सरळ सांगतो, इथे होत नाही, पुढच्या चौकात जा. लोक जातात. जाताना पुटपुटतात. सिडकोत फोटोच्या दुकानांना तोटा नाही आणि गोरं करणं तर आता सगळीकडे फुकटच मिळतं, भाजीवर कोथिंबीर मिळते तसं.

हा राग मूळचा माझा नाही. तो भोये मॅडमचा. त्यांनी मला शिकवलेल्या सगळ्या गोष्टींत तोच तेवढा पक्का बसला, आणि तोही माझ्याच करणीने बसला.

अंबडच्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षं क्वालिटी तपासायला होतो. तयार झालेला जॉब हातात घ्यायचा, मापायचा, बरोबर असेल तर पुढे, नाही तर रिजेक्ट. कंपनीने इथलं खातं बंद केलं आणि आम्ही पन्नाशीच्या तोंडावर घरी बसलो. माझ्याकडे एक बरा कॅमेरा होता, हौस होती. फोटोचं दुकान टाकावं असं मनात आलं. फोटो काढता येत होता, पण कॉम्प्युटरवर त्याचं पुढे काय करतात ते ठाऊक नव्हतं. कुणीतरी सांगितलं, पेठ रोडला एका खताच्या दुकानावर क्लास आहे, बाई चांगलं शिकवतात, फक्त तोंडाने फटकळ आहेत.

जिन्याशी पाटी होती : 'फोटो एडिटिंग. फक्त नवशिक्यांसाठी.' खाली बारीक अक्षरात : 'भडक कपडे घालून येऊ नये.' मला ती गंमत वाटली. मी नारिंगी टी-शर्ट घालून गेलो होतो.

वर दोन खोल्या. भिंती राखाडी, पडदे राखाडी, टेबलंसुद्धा राखाडी रंगवलेली. खालून खताचा वास. मध्ये एक बुटकी, काळी, चष्मेवाली बाई उभी. वय पंचेचाळीसच्या आसपास. तिने माझ्याकडे पाहिलं, खुंटीवरचा राखाडी ॲप्रन काढला आणि माझ्या अंगावर फेकला.

"पाटी वाचता येत नाही?"

"वाचली, पण..."

"तुमच्या शर्टाचा रंग स्क्रीनवर पडतो. मग तुम्हाला वाटतं फोटोत पिवळं जास्त आहे, आणि तुम्ही ते कमी करत बसता. चूक शर्टाची आणि शिक्षा फोटोला. घाला तो."

मी घातला. पहिल्या पाच मिनिटांतच मला या बाईचा राग आला होता, आणि ती म्हणाली त्यात खोट काढता येईना म्हणून जास्त आला.

त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे आधी रागवायचं, मग कारण सांगायचं. मी गंगापूर धरणाचा एक फोटो दाखवायला नेला होता. गवत हिरवंगार, आकाश निळंशार, सगळे स्लायडर मी उजवीकडच्या टोकाला नेऊन ठेवले होते. त्यांनी तो बघितला आणि विचारलं, "गवत हिरवं असतं हे कुणाला माहीत नाही का?"

"असतं की माहीत."

"मग ओरडून कशाला सांगताय?"

कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो दोन प्रकारे ठेवायचा हा त्यांचा पहिला नियम. एक रॉ, एक जेपीजी. आमच्यात चांदवडचा आहेर म्हणून एक लग्नाचे फोटो काढणारा होता. त्याने विचारलं, "मॅडम, रॉ फाइल केवढी मोठी होते, आणि दिसते पण मळकट. ठेवायची कशाला?" मॅडम म्हणाल्या, "रॉ म्हणजे पीठ. जेपीजी म्हणजे भाजलेली भाकरी. कॅमेऱ्याने त्याच्या अकलेने भाजून दिलेली. करपली, तर तिचं परत पीठ करून दाखव मला." आहेरने मान डोलावली. पण दोन आठवड्यांनी त्यानेच घोटाळा केला. एका लग्नाचे सगळे फोटो त्याने जेपीजीतच उघडले, थोडं काम केलं, त्याच नावाने सेव्ह केले. दुसऱ्या दिवशी परत उघडले, परत सेव्ह. नवरीकडच्यांनी बदल सांगितले, परत तेच. आणि हार्ड डिस्क भरली म्हणून रॉ फाइली पुसून टाकल्या. नवरीच्या गालावर चौकोन चौकोन दिसायला लागले तेव्हा तो पेन ड्राइव्ह घेऊन मॅडमकडे आला.

मॅडमनी तो फोटो नीट करायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्यांनी आहेरला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्याच आईचा एक फोटो उघडायला लावला. "कॉपी घे. थोडा फिरव, सेव्ह कर, बंद कर, परत उघड. शंभर वेळा." तो हसला. त्या हसल्या नाहीत. दुपारभर आहेर ते करत बसला. साठाव्या वेळेला त्याच्या आईच्या डोळ्यांभोवती घाण जमल्यासारखं दिसायला लागलं. नव्वदीला पोचेपर्यंत त्याचं तोंड उतरलं होतं. "मॅडम, बास ना." "दहा राहिलेत," त्या म्हणाल्या. मला ते दुष्टपणाचं वाटलं होतं. पण त्यानंतर आहेरने 'सेव्ह' दाबायच्या जागी 'सेव्ह ॲज' दाबायचं कधी चुकवलं नाही. आम्ही कुणीच नाही. निदान मला तसं वाटत होतं.

मखमलाबादच्या थेटे काकू आमच्यात सगळ्यात वडील. त्यांची गुलाबाची शेती, सून म्हणाली ऑनलाइन विकू, म्हणून फुलांचे फोटो शिकायला आल्या होत्या. त्यांचे लाल गुलाब फोटोत नुसते लाल डाग यायचे, पाकळीवर पाकळी दिसायचीच नाही. मॅडमनी त्याच फुलाची रॉ उघडली, लाल हळूहळू खाली आणलं, आणि आत दडलेल्या सगळ्या पाकळ्या एकेक करून वर आल्या. काकूंनी स्क्रीनला हातच लावला. "अगं बाई, होत्याच की गं या!" मॅडम लगेच खेकसल्या, "बोट लावू नका, डाग पडतात!" आणि मग ॲप्रनच्या खिशातून रुमाल काढून स्वतःच स्क्रीन पुसत म्हणाल्या, "होत्याच. कॅमेऱ्याने बघितल्या होत्या. दाखवायच्या तेवढ्या राहिल्या."

माणसाच्या चेहऱ्यापाशी आलं की मात्र त्यांचं सगळंच बदलायचं. तिथे चेष्टा नाही. त्यांची एक सवय होती. दुसऱ्या खोलीत त्यांचा छोटा स्टुडिओ होता, तिथे पासपोर्ट फोटो काढायला कुणी आलं की फोटो काढल्यावर त्या माणसाला जाऊ द्यायच्या नाहीत. स्क्रीनशेजारी खिडकीच्या उजेडात बसवायच्या, एकदा त्याच्याकडे बघायच्या, एकदा फोटोकडे, आणि जुळेपर्यंत स्लायडर बारीक बारीक सरकवत राहायच्या. त्या आम्हाला सांगायच्या, "मागे पांढरा पडदा असला की कॅमेरा घाबरतो. एवढा उजेड कुठून आला म्हणतो आणि सगळाच फोटो काळा करून टाकतो. सावळा माणूस कोळसा दिसतो. मग तो कोळसा बघून दुकानदार घाबरतो आणि चुना फासतो. कॅमेऱ्याने काळं केलं तेही खोटं, तुम्ही गोरं केलं तेही खोटं. रॉ उघडा, सावली उचला, म्हणजे अंधारात बुडालेलं तेवढं वर काढा, आणि समोर बसलेल्या माणसापर्यंत आला की थांबा. पुढे जायचा तुम्हाला अधिकार नाही."

एकदा आहेरने विचारलं की मॅडम, एवढं काय त्यात, लोकांनाच तसं पाहिजे असतं. त्या मूळच्या पेठ तालुक्यातल्या, आश्रमशाळेत शिकलेल्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"आमचा दहावीचा ग्रुप फोटो आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या रांगेत आम्ही अकरा मुली. हेडमास्तरांच्या शर्टाची बटणं मोजता येतात. आमचे नुसते दात दिसतात. मी फोटोवाल्याला विचारायला गेले, तर म्हणाला, पोरी काळ्या, मी काय करू? काय करू म्हणजे? तेच तर त्याचं काम होतं! अकरा मुली होत्या रे. त्यातल्या दोघींचा तर तेवढा एकच फोटो आहे."

आवाज चढला होता. आहेरने काही केलं नव्हतं, तरी तो सॉरी म्हणाला.

फोटोग्राफर मंडळींकडून अल्बमचं काम त्या घेत. त्यातूनच एकदा गंगापूर रोडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. लग्न होऊन महिना झाला होता. ते म्हणाले, "मॅडम, जावई गोरा आहे. शेजारीशेजारी बघायला बरं दिसत नाही. हिला जरा उजळ करा."

"लग्न ठरवताना बरं दिसलं ना?"

"तुम्ही तुमचं काम करा. बोलायचं काम नाही."

मॅडमनी त्यांना सोडलं आणि मुलीकडे वळल्या. "तुला काय पाहिजे? अल्बम तुझा आहे. तू सांग."

मुलगी इंजिनियर होती, चांगली धीट दिसत होती. मला वाटलं आता ही बापाला सुनावणार. ती खाली बघत म्हणाली, "थोडंसंच करा ना मॅडम. सासरी जो येतो त्याला अल्बम दाखवतात."

मॅडमनी पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. "माझ्याकडून होणार नाही. दुसरीकडे करून घे."

ती दोघं गेल्यावर त्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागल्या. आधी बापावर बोलल्या, मग न बघितलेल्या सासूवर, मग आमच्यावर. शेवटी थांबून म्हणाल्या, "त्या पोरीला नाही म्हटलं मी. तिला तिथे राहायचंय, मला नाही. बरोबर केलं का?" त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "बोला की! एरवी बडबडता, आता दातखीळ बसली?" थेटे काकू हळूच म्हणाल्या, "तुम्ही केलं नाही तर दुसरं कुणी करंलच मॅडम." त्यावर त्या काकूंकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

आठ-नऊ महिन्यांनी मी क्लासबरोबर त्यांच्या स्टुडिओत थोडं कामही करायला लागलो. हात बसेल, मग दुकान टाकू, असा विचार. त्याच दिवसांत मनीषा गावित आली.

पेठच्या पुढे घाटातलं गाव. बारावी झालेली, सडपातळ, सावळी नव्हे, चांगली काळी मुलगी. नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा द्यायची होती, फॉर्मला फोटो हवा होता. बोलता बोलता तिने सांगितलं की दर वर्षी घरचे सगळे दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात कामाला जातात. ती मागे राहून शिकली. "बाबा बोलला, एकदाच देऊन बघ. नाय झालं तर मळ्यात चाल," ती म्हणाली. मॅडमनी तिचा फोटो काढला. तिला बसवलं, आणि तेवढ्यात कुरियरवाल्याचा फोन आला की नाक्यावर उभा आहे, येऊन पार्सल घेऊन जा. मनीषाची बस वीस मिनिटांत होती. मॅडम मला म्हणाल्या, "सोनवणे, रॉ उघडा, सावली उचला, पोरीशी ताडून बघा, मापात कापा आणि फाइल द्या." आणि जिना उतरल्या.

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. यात न कळण्यासारखं काय होतं?

मी रॉ उघडली नाही. बसची घाई होती असं मी नंतर सांगत फिरलो, पण ते खरं नाही. मी जेपीजी उघडली. पांढऱ्या पडद्यापुढे मनीषा अगदी काळी आली होती. मला वाटलं, गरिबाची पोर आहे, नर्सिंगचा फॉर्म आहे, जरा बरी दिसू दे. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. चेहरा सुधारायचं. मॅडमच्या कॉम्प्युटरवर ते कुणी कधी दाबलं नव्हतं. मी दाबलं. त्वचा गुळगुळीत झाली, रंग उजळला, गाल थोडे आत गेले, डोळे थोडे मोठे झाले. मी स्क्रीन मनीषाकडे वळवली.

"काका, मी अशी दिसते?" ती हसत म्हणाली.

"दिसतेस की," मी म्हणालो. मला बरं वाटलं. कुणाचं तरी भलं केलं असं वाटलं, हेच मला आज सगळ्यात जास्त झोंबतं. मी त्याच नावाने सेव्ह केलं, फाइल दिली, मुलगी बस पकडायला पळाली. तिने ती गावाकडच्या सायबर कॅफेतून फॉर्मवर चढवली. मॅडम आल्या तेव्हा मी म्हटलं, झालं काम. त्यांनी विश्वास ठेवला.

परीक्षेच्या सकाळी स्टुडिओत फोन आला. मनीषा केंद्राच्या फाटकातून बोलत होती. मशीन तिचा चेहरा घेत नव्हतं. हॉल तिकिटावरची मुलगी आणि समोरची मुलगी एक नाही असं ते सांगत होतं. आधार कार्डावरचा फोटो ती तिसरीत असतानाचा. तिला बाजूला उभं केलं होतं.

मॅडमनी मला नुसतं विचारलं, "काय दिलंत तिला?"

मी सांगितलं.

त्यांनी लॅपटॉप उचलला, त्यात तिची रॉ फाइल घेतली, आणि मला स्कूटरवर मागे बसायला सांगितलं. फाटकाशी मनीषा भिंतीला टेकून उभी होती. आत मुलं सोडणं चालूच होतं. मॅडम सुपरवायझरपुढे लॅपटॉप उघडून उभ्या राहिल्या.

"ही कॅमेऱ्यातली मूळ फाइल आहे. हिच्यात तारीख आहे, वेळ आहे. बघा. हीच मुलगी आहे. चूक आमच्याकडून झाली, तिच्याकडून नाही."

सुपरवायझर तिशीतला पोरगा होता. वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्याला शिव्या घालून मोकळं व्हायची मला फार इच्छा आहे. तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला फॉर्मवरचा फोटो बघायचा असतो. बाहेरून आणलेला नाही बघता येत."

"मग फोटो बघू नका. मुलीकडे बघा!"

त्याने बघितलं. मनीषाकडे, मग हॉल तिकिटाकडे. "ही तर गोरी आहे," तो म्हणाला.

"मीच हाय ना सायेब ती," मनीषा म्हणाली. "नाक बघा ना. हे इथं लागलेलं हाय लहानपणी, ते बघा." तिच्या भुवईवर जुनी खोक होती. हॉल तिकिटावरच्या फोटोत ती नव्हती. मी पुसली होती. बटणाने पुसली होती म्हणू, पण बोट माझंच होतं.

सुपरवायझरने वर फोन लावला, वाट बघितली, परत लावला. घड्याळ बघितलं. मग फाटक ओढलं गेलं. मॅडमनी दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरले आणि अशा ओरडल्या की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले. काय ओरडल्या ते मला नीट आठवत नाही. "तिचं तोंड तिच्या अंगावर आहे, ते पुरत नाही का तुम्हाला!" एवढं आठवतं. मनीषा रडत नव्हती. ती मॅडमचा पदर ओढत होती, "चला मॅडम, जाऊ द्या, लोक बघतात."

स्टुडिओत परत आल्यावर त्यांनी सगळ्यांच्या देखत मला उभं केलं. आहेर होता, थेटे काकू होत्या. मी म्हणालो, "मॅडम, चूक झाली. पण सगळेच करतात. मी वाईट हेतूने नाही केलं."

"अंबडला काय करत होतात तुम्ही?"

"क्वालिटीला होतो."

"केसभर फरक पडला तर जॉब रिजेक्ट करत होतात. लोखंडाचा! लोखंडाला एवढा मान, आणि पोरीच्या तोंडाला नाही? तिथे कुणाला विचारून गाल आत ढकललेत? तिचे गाल तुम्हाला मापाबाहेर वाटले?"

मला राग आला. होय, आला. माझं वय, माझी नोकरी, चारचौघांत ही बाई मला पोराटोरासारखं झोडपते. मी म्हटलं, "तुम्ही स्वतः का नाही बघितलंत मग?"

मॅडम म्हणाल्या, "नाही बघितलं. ती माझी चूक, ती मी निस्तरते. तुमची तुम्ही निस्तरा. उद्या तिच्या गावाला जा आणि तिच्या आईबापाला काय झालं ते तुमच्या तोंडाने सांगा. मी येणार नाही."

मी गेलो. न जायचं मनात आलं होतं, पण गेलो. एसटीने, मग दीड कोस चालत. मनीषाची आई अंगणात नागली पाखडत होती. बाप तिथेच बसला होता. मनीषाने त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, पण मी ओळख दिली तशी आईने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "काळी हाय म्हणून नाय बसू दिली का माझे पोरीला?"

मी चोवीस वर्षांत हजारो जॉबवर शेरे मारलेत. एवढं कठीण वाक्य मला कधी बोलावं लागलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही बाई. मी तिला फोटोत गोरी केली, म्हणून नाही बसू दिली."

तिला ते समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "कशाला केली?"

मनीषा दारात उभी होती. बाप बिड्यांचं बंडल चाचपत म्हणाला, "जाऊ दे. द्राक्षाची छाटणी येतेच आता." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मला वाटलं, असता तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा पाजला.

परत येऊन मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या एक अर्ज लिहीत होत्या, मुलीची परीक्षा परत घ्यावी म्हणून. वर लिहिलं होतं, 'चूक माझ्या स्टुडिओची आहे.' माझं नाव कुठे नव्हतं. मला वाटलं त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि मी तसं म्हणालोही. त्यांनी मान वर केली.

"तुमच्यासाठी नाही लिहिलं. तुमचं नाव घातलं असतं तर तुमच्यावर ढकलून परीक्षावाले मोकळे झाले असते, आणि मीही. आईने 'कशाला केली' विचारलं, त्याला काय उत्तर दिलंत?"

काही दिलं नाही, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. उद्यापासून येऊ नका."

मी ॲप्रन खुंटीला लावला आणि निघालो. मी खरं बोललो, गावाला गेलो, मान खाली घातली, आता तरी बाई विरघळेल असं मला वाटलं होतं. विरघळल्या नाहीत. मला कितीतरी दिवस त्याचा राग होता.

पुढचं थेटे काकूंकडून कानावर येत गेलं. अर्जासाठी मॅडमनी खेटे घातले, कागद इकडून तिकडे फिरले, शेवटी उत्तर आलं की उमेदवाराने पुढील वर्षी प्रयत्न करावा. मनीषा त्या हंगामात दिंडोरीला मळ्यात गेली. मॅडम दर रविवारी स्कूटरवरून तिथे जायच्या, पुस्तकं द्यायच्या, दुपारच्या सुट्टीत तिचा अभ्यास घ्यायच्या आणि तिच्या बापाशी भांडायच्या. मळेवाल्याशीसुद्धा भांडल्या. शेवटी बाप म्हणाला म्हणे, "ही बाई लय डोकं खाते. देऊ दे पोरीला अजून एक बारी परीक्षा." क्लास मॅडमनी बंद केला होता. काकूंनी कारण विचारलं तर म्हणाल्या, शिकवून काय दिवे लागले ते बघितलं मी. हे वाक्य माझ्यासाठी होतं, आणि काकूंनी ते मला जसंच्या तसं पोचवलं.

पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा दिवस मला पेपरातून कळला. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. तेच केंद्र, तेच फाटक. रस्त्याच्या पलीकडे चहाच्या गाडीशी उभा राहिलो. मॅडमची स्कूटर आली, मागे मनीषा. अंगाने थोडी वाळली होती, उन्हाने आणखी काळवंडली होती. रांग पुढे सरकत होती. मॅडम तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. रखवालदार त्यांना मागे व्हा म्हणत होता, त्या होत नव्हत्या.

आतल्या माणसाने मनीषाच्या तोंडासमोर मशीन धरलं. मशीनने वेळ घेतला. माणसाने ते थोडं वर केलं, थोडं खाली. मग त्याने मान हलवून तिला आत जायची खूण केली. एवढंच. मनीषा आत गेली.

मी रस्ता ओलांडला. मला काय बोलायचं होतं ते ठरवलं नव्हतं. वाटलं, आज तरी बाई हसेल, निदान मान डोलवेल. मॅडमनी मला येताना बघितलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, परत घातला, आणि माझ्या तोंडाकडे नीट बघत म्हणाल्या, "एक वर्ष गेलं तिचं, सोनवणे. ते कोण देणार आहे?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली, खरोखर बघितली, मग स्कूटरकडे वळल्या आणि फाटकाकडे तोंड करून तिच्यावर बसून राहिल्या. पेपर सुटेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. मी परत रस्त्यापलीकडे जाऊन थांबलो होतो. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.